वरवंट्याची आंघोळ

"हलू नको गं बये. आजीच्या पायांवरून थेट मोरीत जाशील," असं म्हणत आईने पाच महिन्यांच्या नातीला पालथं केलं आणि तिच्या पाठीवर कोमट पाण्याचा तांब्या ओतला.

ती बाथरूममध्ये पाटावर बसली होती. साडी गुडघ्यांपर्यंत खोचलेली, पाय लांब केलेले आणि दोन नडग्यांच्या मधल्या खाचेत सान्वी. दारात टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या संचिताने आठवडाभर मनात घोळवलेलं वाक्य शेवटी बोलून टाकलं.

"आई, तू राजीनामा दे ना."

आईने दुसरा तांब्या भरला. "साबण दे."

"मी काहीतरी विचारतेय."

"विचारलंस कुठे, सांगितलंस. साबण दे."

संचिताने साबण दिला. ठाण्यातल्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल होती आणि तिची बाळंतपणाची रजा संपायला तीन आठवडे उरले होते. सासूबाई सांगलीला, गुडघ्यांनी बेजार. सांभाळायला ठेवलेली बाई चार दिवस आली आणि पाचव्या दिवशी तिने फोनच उचलला नाही. सोसायटीतल्या पाळणाघराची पायरी संचिता दोनदा चढून आली होती. दोन्ही वेळा आतला टीव्ही पाहून परत फिरली होती. नीलचं, तिच्या नवऱ्याचं, म्हणणं एकच: तू ठरव. आणि तिने ठरवलं होतं. आईने नोकरी सोडावी, सान्वीला सांभाळावं.

"दोनच वर्षं राहिलीत तुझी. आत्ता सोडलीस तर काय बिघडणार आहे?"

"दोनच राहिलीत तर होऊ दे ना पुरी."

"तोवर ही शाळेत जायला लागेल."

"मग झालं की."

"आई, चेष्टा नको."

"चेष्टा नाही. मला तिथं कामं आहेत." आईने सान्वीला सुलटं केलं, डोळ्यांवर आडवा हात धरून कपाळावरून पाणी सोडलं. सान्वी क्षणभर श्वास विसरली, मग ओठ चाटू लागली.

आईचं नाव जया. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत ती तीस वर्षांहून अधिक काळ चेकिंगमध्ये होती. म्हणजे दिव्यासमोर बसून इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या उलट्यासुलट्या करून बघायच्या, आत कण, केस, तडा आहे का ते. ती सवय इतकी मुरली होती की घरातसुद्धा पाण्याचा ग्लास उजेडाकडे धरून एकदा फिरवल्याशिवाय ती पाणी पीत नसे. एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी. संचिताच्या लहानपणी रविवारी बाकीच्या मुलींच्या आया घरी असत, गच्चीवर पापड घालत, केस धुऊन देत. संचिताची आई रविवारी सकाळी सहाला डबा घेऊन निघालेली असे, आणि शुक्रवारी ती घरी असे तेव्हा संचिता शाळेत.

"तू तर माझ्या वेळीसुद्धा..." संचिता म्हणाली आणि थांबली.

आईने वर पाहिलं. पुढचं वाक्य तिला ऐकू आलं असावं. तिने सान्वीच्या डोक्यावरून शेवटचा तांब्या ओवाळून मोरीत टाकला, आणि म्हणाली, "भाऊ आहेत की."

"भाऊ?" संचिताला हसूच आलं.

भाऊ म्हणजे तिचे वडील. सगळी चाळ त्यांना भाऊ म्हणत असे, म्हणून तीही. मोहने गावातली त्यांची कंपनी बंद पडल्यापासून त्यांनी इथंतिथं वॉचमनची कामं केली आणि आता घरी पेपर वाचत बसत.

"भाऊंना चहा गाळता येत नाही गं. अर्धा कपात, अर्धा ओट्यावर."

"शिकतात माणसं," आई म्हणाली. "टॉवेल दे. गारठली पोर."

दुपारी जेवण झाल्यावर संचिता सान्वीला कडेवर घेऊन आईला सोडायला खोपटच्या स्टँडवर गेली. शीळफाट्यावरून फिरून जाणारी बस आईला आवडे. वेळ लागतो पण बसायला मिळतं, म्हणे. आईने खिडकीची जागा धरली, पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीतून वाकून सान्वीचं पाऊल दाबलं.

"पुढच्या शुक्रवारी येते. तेल संपत आलंय, आणून ठेव."

"हं."

"आणि तोंड सरळ कर. पोरगी तुझंच बघून शिकणार आहे."

बस सुटली. संचिता तोंड सरळ न करताच घरी आली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, शिफ्ट सुटल्यावर कपडे बदलायच्या खोलीत आई बाकावर बसली, चपलांचे पट्टे लावायला वाकली आणि तशीच कलंडली. बायकांनी उचललं, कंपनीच्या गाडीतून नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय. वाटेतच गेली होती.

*

पाचव्या दिवशी कंपनीतल्या बायका आल्या. तशा एकेकट्या बऱ्याच जणी येऊन गेल्या होत्या. आज पहिली शिफ्ट सुटल्यावर दहा-बारा जणी मिळूनच आल्या. आई-भाऊंच्या डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत त्यांच्याबरोबर स्पिरिट आणि साबण यांचा वास आला. लहानपणापासून संचिताला तो आईचा वास वाटे. तो आईचा नव्हता, सगळ्यांचाच होता, हे तिला आज कळलं.

त्यांनी पिठलं-भाताचं पातेलं आणलं होतं. भाऊ बाहेरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले. आतल्या खोलीत सतरंजीवर बायका बसल्या.

मग सान्वी रडायला लागली. संचिता तिला घेऊन उठली. गेले पाच दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांमध्ये पाजायची अडचण होत होती. ती सान्वीला घेऊन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसे. छाती दुखायची, पोरीचं पोट भरायचं नाही.

"कुठं चाललीस गो?" रखमाबाईने विचारलं. रखमाबाई एमआयडीसीला लागून असलेल्या गावातली, आईच्या शेजारच्या दिव्यावर बसणारी. कपाळभर गोंदण आणि आवाज असा की दोन शेड पलीकडे ऐकू जावा.

"हिला पाजायचंय."

"मग बस ना हितं. आमच्यासमोर कसली लाज? आमी काय बाप्ये हाव?"

"नाही, मी आतच..."

"तुजी आयस नाय लाजली कंदी," रखमाबाई म्हणाली. "आनि तू तर माजं दूध पिलेली हायस."

संचिता दारातच थांबली. तिला वाटलं, रखमाबाई म्हणण्यापुरतं म्हणतेय.

"खरंच," मधुताई म्हणाली. मधुताई बारीक, चष्मेवाली, युनियनची वर्गणी गोळा करणारी. तिला संचिता ओळखत होती. "बस. बस इथं. तुला जयाने सांगितलं नाही?"

"काय?"

"आम्ही चौघी एकाच वर्षी बाळंत झालेलो. मी, तुझी आई, ही रखमाबाई आणि एक ती लक्ष्मी, आता गावाला असते. तेव्हा रजा ती केवढीशी. तान्ही पोरं घरी टाकून आलो. तुमच्या चाळीत खाली एक जाईबाई राहायची, भाजी विकायची. ती चौघांना सांभाळायची."

"जाईबाई मला आठवते. पण दूध..."

"अगं, तेच. ती दुपारी हातगाडी घेऊन गेटवर यायची. गाडीवर एकीकडे मेथी, चवळई, मुळा, आणि एकीकडे तुम्ही चौघं. ओळीने."

"जुड्या बांदल्यावानी," रखमाबाई म्हणाली.

"गेटवर एका वेळी एकीलाच सोडायचे. तेही साहेबाच्या मनात असलं तर. मग आम्ही ठरवलं, जिला सोडतील तिने सगळ्यांना पाजायचं. वॉचमनच्या केबिनमागे पोतं अंथरलेलं असायचं. आज तुझी आई, उद्या मी, परवा ही."

"सगळ्यांना?" संचिताने विचारलं. ती कधी खाली बसली ते तिला कळलं नाही.

"मग काय, आपलं तेवढं पाजायचं आनि बाकीची रडती सोडून यायचं?" रखमाबाई म्हणाली. "तू लई चावरी व्हतीस. तुजी पाळी आली का मी देवाचं नाव घ्यायची."

कुणीतरी हसलं. लगेच तोंडाला पदर लावला.

"हसा गो. जयाला रडका चेहरा चालायचा नाय," रखमाबाई म्हणाली. "मधे, तो नाथाचा किस्सा सांग हिला."

मधुताईने चष्मा काढून पुसला. "कंपनी कामावर घालायचे जुने फाटके गाऊन टाकून द्यायची, ते आम्ही आणायचो. मऊ असायचे ना धुऊन धुऊन. त्याची दुपटी केलेली आम्ही तुमच्यासाठी. सगळी एकसारखी, पांढरी, निळ्या काठाची. त्यात गुंडाळल्यावर नाक तेवढं दिसायचं. एक दिवस तुझ्या आईचा नंबर होता. घाई, वरून वॉचमन ओरडतोय. तिने एक उचललं, पाजलं. दुसरं, तिसरं, चौथं. आणि परत आत निघाली. जाईबाई मागून ओरडतेय, अगं ए, ही तुझी राहिली, ही रडतेय! तर तुझी आई म्हणते, माझी सगळ्यात आधी झाली."

"आधी नाथा झालेला," रखमाबाई म्हणाली. "आनि शेवटी बी नाथाच."

"माझ्या नाथाला दोनदा पाजलं तिने, आणि तू दिवसभर उपाशी. संध्याकाळी कळलं तेव्हा जया इतकी रडली, इतकी रडली. मग आम्ही तिघींनी मिळून तुला पाजलं, आळीपाळीने, एमआयडीसीच्या रस्त्यावर."

"नाथा आज दारात मावत नाय, ते उगाच नाय," रखमाबाई म्हणाली आणि या वेळी कुणी तोंडाला पदर लावला नाही. संचिताही हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. बाहेर गॅलरीत भाऊ खाकरले.

मांडीवर सान्वीने केव्हाच ब्लाउजशी झटापट सुरू केली होती. संचिताने तिथंच, सगळ्यांच्या मधे, तिला पाजायला घेतलं. कुणी तिच्याकडे खास बघितलं नाही. दूध सुटलं तसे तिचे खांदे खाली आले.

आपण बाटलीवर वाढलो असं ती आजवर समजत होती. कुणी तसं सांगितलं नव्हतं, तिनेच हिशेब मांडला होता: आई कामावर, म्हणजे बाटली. आईपण आणि मुलं यांच्याबद्दल तिने पुस्तकांची रांग वाचली होती, कॉलेजच्या ग्रंथालयात एक कपाट त्यांच्यासाठी वेगळं केलं होतं. त्यातल्या एकाही पुस्तकात हातगाडी नव्हती.

"मग पुढे?" तिने विचारलं.

"पुढं काय, नवीन साहेब आला," मधुताई म्हणाली. "म्हणाला, हे गेटवर काय चाललंय, बंद. जाईबाई गेटवर यायची, तुम्ही रडायचात. आवाज आत येत नव्हता गं, मशीनं चालू. पण आम्हाला कळायचं. वेळ झाली की अंगावरचा गाऊन भिजायचा. आम्ही आत रुमाल कोंबायचो, हात आडवे धरायचो. मान खाली घालून काम."

"जया सोडून," रखमाबाई म्हणाली.

"खात्याच्या दारावर पाटी होती. ओल्या किंवा मळक्या गाऊनने आत बसू नये. कंपनीचाच नियम. एक दिवस तुझी आई उठली आणि सरळ साहेबाच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. पुढून सगळी ओली. ना रुमाल, ना हात. म्हणाली, साहेब, गाऊन ओला झालाय, दुसरा द्या."

"सायेब वर बगंना," रखमाबाईने भर घातली. "कागदाशी बोलला. म्हणला, घ्या, घ्या."

"तासाभराने परत. साहेब, ओला झालाय. दुपारी परत. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी तिच्यामागे रांगेत. तिसऱ्या दिवशी धुतलेले गाऊन संपले आणि चार दिवे बंद राहिले. तेव्हा साहेब चिडला. म्हणाला, बाई, तुम्ही घरी काहीतरी सोय करून का येत नाही? तर तुझी आई म्हणाली..." मधुताई थांबली. तिला वाक्य जसंच्या तसं हवं होतं. "म्हणाली, घरची सोय घरी केलीय साहेब. हे माझ्याबरोबर येतं. ती तिकडे रडली की इकडे येतं, मी बोलवत नाही."

खोलीतल्या निम्म्याजणी तेव्हा कंपनीत नव्हत्या, पण हे वाक्य त्यांना पाठ असावं असं त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं.

"गेट उघडलं?"

"उघडलं. आणि पुढच्या वर्षी टाइम ऑफिसशेजारी एक खोली दिली. खाट, पडदा आणि चावी. अजून आहे."

"मला कधी बोलली नाही," संचिता म्हणाली.

"बोलायचं काय त्यात?" रखमाबाई म्हणाली. "काम व्हतं, केलं."

इतका वेळ दाराशी टेकून बसलेली एक मुलगी पुढे सरकली. पंचविशीची असेल. मांडीवर दीड-दोन वर्षांचं पोर झोपलेलं.

"ताई, मी चित्रा. कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे." ती हळू बोलत होती. "त्या खोलीत मागच्या वर्षी खोकी ठेवायला लागलेले. आम्ही काही बोललो तर उद्यापासून येऊ नको म्हणतील. जयाताई रोज जेवणाच्या सुट्टीत जाऊन चावी मागायच्या. खोकी स्वतः बाहेर काढून ठेवायच्या. कुणाशी भांडायच्या नाहीत, फक्त बाहेर काढायच्या. संध्याकाळी ती परत आत. दुसऱ्या दिवशी परत बाहेर. त्या परमनंट, त्यांना काय म्हणणार? म्हणायच्या, मी आहे तोवर तुम्हाला दोन वर्षं आहेत. तेवढ्यात पोरं मोठी करून घ्या."

मला तिथं कामं आहेत. संचिताला शुक्रवारचा आईचा आवाज ऐकू आला, पाण्याच्या आवाजातून.

"आता?" तिने विचारलं.

"आता मधुताई चावी घेतात," चित्रा म्हणाली. "काल काढली खोकी."

निघताना बायकांनी चपला घातल्या आणि एकेक करून जिना उतरल्या. अशा घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं. रखमाबाईने फक्त संचिताच्या गालावरून हात फिरवला आणि बोटं मोडली.

*

संध्याकाळी सांगलीहून सासूबाईंचा फोन आला. त्या प्रेमाने बोलल्या. "आता तुझी आई नाही. मला हलता येत नाही. एवढ्याशा जिवाला परक्या हातात कसं द्यायचं? वर्षभर घरी राहा, मग बघू नोकरीचं." नील फोनवर म्हणाला, तू ठरव. संचिताला ठरवायला फारसं काही उरलंय असं वाटलं नाही. राजीनाम्याचा मजकूर तिच्या मनात आपोआप जुळत होता. असे मजकूर तिला चांगले जमत.

सकाळी सान्वी अंगावरच्या घामोळ्यांनी किरकिरत होती. ठाण्याला प्लास्टिकच्या टबात संचिता कशीबशी तिची आंघोळ उरकत असे. पायांवर घेऊन आंघोळ घालणं हे आईचं, शुक्रवारचं. इथं तर टबही नव्हता.

"आण इकडे," भाऊ म्हणाले. "मी घालतो."

"भाऊ, राहू दे. मी ओल्या फडक्याने पुसून घेते."

भाऊंनी लेंगा गुडघ्यांच्या वर गुंडाळला, मोरीत पाट ठेवला, कोपर बुडवून पाण्याचा अंदाज घेतला. मग कण्हत खाली बसले आणि आपले काटकुळे, पांढऱ्या केसांचे पाय लांब केले. टाचा जुळवल्या. हात पुढे केले.

संचिताने घाबरत सान्वी त्यांच्या हातात दिली आणि स्वतः तिथंच उकिडवी बसली, पडली तर धरायला. पण भाऊंनी डाव्या हाताच्या पंजात मान बरोबर धरली. अंगठा कानामागे. पालथं केलं, पाठीवर पाणी सोडलं, सुलटं केलं, कपाळावर आडवा हात धरून वरून तांब्या ओतला. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. सान्वीने क्षणभर श्वास धरला, मग ओठ चाटले.

"कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तिने. साबण दे."

संचिताने साबण दिला.

"तुझी रजा संपणार म्हणून गेले दोन महिने चाललं होतं," भाऊ म्हणाले. "रोज संध्याकाळी, ती कामावरून आली की. वरवंट्यावर."

"कशावर?"

"वरवंटा गं. बारशाला पाळण्याखालून फिरवतात ना, कुंची घालून? सान्वीच्या बारशाचा तोच. त्याला तीच कुंची बांधायची आणि माझ्या पायांवर द्यायची. म्हणायची, मान धरा, मान. मी म्हणायचो, अगं, दगडाला कुठली मान? म्हणायची, आज नाही, उद्या असेल." त्यांनी सान्वीच्या बगला धुतल्या, एकेक बोट घालून. "एकदा निसटला. ती बघ फरशी."

मोरीच्या कोपऱ्यातली फरशी चिरलेली होती, मधोमध खड्डा.

"त्या दिवशी रात्री मला वाढलं नाही तिने. फरशी फुटली म्हणून नाही. पोरगी असती तर, म्हणाली. मी म्हटलं, पोरगी नव्हती ना, वरवंटा होता. तर उठून आत निघून गेली. नंतर महिनाभर मला साबण लावलेला वरवंटा दिला. बुळबुळीत हातात राहायला हवा म्हणून."

संचिता हसायला गेली आणि ते तिला जमलं नाही. तिने टॉवेल तोंडावर धरला.

"मला का नाही सांगितलं तिने? मी त्या दिवशी तिला... मी हसले होते, भाऊ."

"मी पास झाल्यावर सांगणार होती. नाहीतर तू घाबरली असतीस, नको म्हणाली असतीस." भाऊंनी शेवटचा तांब्या सान्वीच्या डोक्यावरून ओवाळून टाकला. "शुक्रवारी तुझ्याकडून आली आणि म्हणाली, आजची एकदा घाला. घातली. बघत राहिली. मग म्हणाली, चालेल आता. पुढच्या शुक्रवारी पोरीला सांगते." त्यांनी हात पुढे केला. "टॉवेल तोंडावरून काढ. गारठली ती."

सान्वीला गुंडाळून दिल्यावर ते भिंतीला धरून उठले. गुडघ्यांवरचं पाणी पुसत, तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुझी तारीख कुठली? त्याच्या आदल्या दिवशी मी ठाण्याला येतो. दुपारी वाटी-चमच्याने दूध देता येतं मला. ते खऱ्या पोरावर शिकायचं राहिलंय तेवढं."

*

दुपारी दोघं गॅलरीत बसले होते. सान्वी संचिताच्या खांद्यावर अर्धवट झोपेत. खालचा रस्ता एमआयडीसीकडे जातो. टँकर, ट्रक, कंपन्यांच्या बसगाड्या. पलीकडच्या वळणावर उसाच्या रसाची गाडी आणि पिंपळ.

भाऊंनी घड्याळ बघितलं नाही, पण शिफ्ट सुटायच्या सुमाराला ते खुर्चीतून उठले आणि कठड्याशी गेले. सवयीने. मग काय केलं ते लक्षात आल्यावर तिथंच उभे राहिले.

"तिला मी खूपदा म्हटलं होतं, सोड म्हणून," ते म्हणाले. "तू लहान होतीस तेव्हा. माझी नोकरी होती तेव्हा. मग आमची कंपनी बंद पडली आणि मला बोलायला तोंड उरलं नाही. तुझ्या वाट्याला आई कमी आली, संचू. तुला राग होता. मला माहीत होतं. तिलाही."

"होता," संचिता म्हणाली.

वळणावरून बायका येताना दिसू लागल्या. पाच-सात आधी, मग घोळका. पिशव्या, डबे, छत्र्या. रखमाबाई सगळ्यात पुढे होती. तिच्या बाजूला चित्रा चालत होती.

"पण मी तिथं उभी राहायचे," संचिता म्हणाली. "त्या पिंपळाच्या मागे. शाळा सुटली की. तुम्हाला वाटायचं, खेळायला गेलीय."

भाऊंनी वळून पाहिलं.

"तिला बघायला जायचे. घरी ती हळू बोलायची ना? तिथं नाही. सगळ्यांच्या मधून यायची, मोठ्याने बोलत, हसत. आणि रस्ता आला की पुढे व्हायची. सगळ्या मागे थांबायच्या आणि ती एकटी पुढे जाऊन हात वर करायची. एवढाले ट्रक थांबायचे, भाऊ. सगळ्या पलीकडे गेल्या की मग हात खाली. मी पळत घरी यायचे, तिच्या आधी, आणि पुस्तक उघडून बसायचे."

"हाक का नाही मारलीस तिला?"

"काय माहीत. पण तिथं रसवाला असायचा, बसची वाट बघणारी माणसं असायची. त्या सगळ्यांना मला काहीतरी सांगायचं असायचं. तोंडापर्यंत यायचं आणि राहायचं."

खाली बायका रस्त्याच्या कडेला येऊन थांबल्या. एक टँकर भोंगा वाजवत निघून गेला. मागून दुसरा येत होता. रखमाबाईने पिशवी चित्राच्या हातात दिली, एकटी पुढे झाली आणि हात वर केला.

"काय सांगायचं असायचं?" भाऊंनी विचारलं.

संचिता उठली. सान्वीला घेऊन कठड्याशी गेली आणि खालच्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"की ती हात वर केलेली बाई आहे ना, ती माझी आई आहे."